पीठ वर आलं का?

देवरूखात कुणाला सांगितलं की मी पाव घरी करते, तर समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "का?"

आमच्या घरांतून काय काय होतं त्याची यादी मोठी आहे. आंबोशी, सोलं, आगळ, सांडगे, मिरगुंडं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. यांतलं काहीही करताना 'का' असं कुणी विचारत नाही. केलं नाही तरच विचारतात. पाव ही मात्र करायची गोष्ट नाही, ती यायची गोष्ट आहे. सकाळी पाखाडीच्या तोंडाशी भोंगा वाजतो, पाववाला गाडी स्टँडवर लावतो, मागच्या पेटीचं झाकण उघडतो आणि लादी काढून हातात देतो. एवढी चोख व्यवस्था असताना बाईमाणसाने परातीत मैदा घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्या नादी लागावं, याचा अर्थ घरात काहीतरी बिनसलंय असा होतो. शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का गो?" बँकेतून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी मैदा, यीस्ट, लोणी आणि विजेचे युनिट असा रीतसर हिशेब मांडून दाखवला की एका घरगुती पावाच्या पैशांत दारावरच्या किती लाद्या येतात. हिशेब अगदी बरोबर होता. मी आपली "असंच" म्हणते. 'असंच' हे उत्तर मुंबईत चालत असेल. आमच्या गावात त्याने संशय वाढतो.

सुरुवात 2020 मध्ये झाली, हे मात्र सांगता येण्यासारखं आहे. मार्चअखेर सगळं बंद झालं, भोंगा वाजायचा थांबला, आणि पुण्याची भाची फोनवरून पाव कसा करायचा ते शिकवू लागली. त्या महिन्यांत अर्धं जग पीठ मळत होतं म्हणे. पुढे सगळं उघडलं, भोंगा परत आला, अर्ध्या जगाने मळणं सोडून दिलं. माझ्या हाताला लागलेलं पीठ मात्र सुटलं नाही.

सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या माहेरी पाव ओटीच्या पुढे येत नसे. पुरुषमाणसं चहाबरोबर तो बाहेरच खायची, मग कप विसळायचा, हात धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. अपवाद एकच. कुणाला ताप आला आणि डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला की तो पाव थेट माजघरापर्यंत जाई. त्यामुळे लहानपणी आपल्याला ताप यावा असं भावंडांना वाटायचं, असं त्या सांगतात. सोवळ्याच्या घरात पावाला आजाऱ्याच्या पासवर प्रवेश होता.

यात त्यांच्या वडिलांचा एकट्याचा काही दोष नव्हता. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने ते पाणी प्यायलं आणि सगळा गाव बाटला, ही गोष्ट या किनारपट्टीवर पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. तिची शहानिशा करायला कुणी विहिरीत उतरलं नसावं. मी करते त्या पावाचा इतका परिणाम अजून तरी कुणावर झालेला नाही.

पावाची ही ताकद ओळखून तिचा उलटा उपयोग करणारी मंडळीही आपल्याकडे होऊन गेली. 1849 साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप, असा तिचा बाणा. तिच्या पुढाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, म्हणजे मराठीला व्याकरण लिहून देणारे. सभेत शिरायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, ही दीक्षा. ज्यांच्या व्याकरणाने पुढे पोरांना धडकी भरवली ते दादोबा, खोलीचं दार लावून पावाचा तुकडा मोडताहेत, हे चित्र मला फार आवडतं. रत्नागिरीत शिकलेले आणि पुढे संस्कृतचे महापंडित झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही तरुणपणी या सभेत होते. पुढे सभासदांची नावं फुटली, आणि जातिभेद मोडायला निघालेली ही सभा स्वतःच मोडली. इतकी माणसं समाजाच्या भीतीने घरी गेली, पण पाव बिघडला होता अशी तक्रार एकाचीही नोंदलेली नाही.

मग 1890 चं पुणं. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी रानडे, टिळक अशा मोठमोठ्यांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने नेलं, समोर चहा आणि बिस्किटं आली, आणि नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात झळकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. बिस्किट म्हणजे पावाची धाकटी बहीण, तिने एवढं केलं. आज त्याच पुण्यात लोक बेकरीपुढे रांग लावून उभे असतात आणि माल संपला की चेहऱ्यावर प्रायश्चित्ताचे भाव घेऊन परततात.

माझ्या मते पावाला खरं सोवळं नेसवलं ते यंत्राने. 1965 साली भारत सरकारने मॉडर्न बेकरीज नावाची कंपनीच काढली. कापलेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड आला. तो कुणाच्या हातचा, हा प्रश्नच विचारता येईना, कारण तो कुणाच्याच हातचा नव्हता. आमच्या सासऱ्यांच्या घरात पहिला ब्रेड शिरला तो असाच, आणि शिरताना त्याला कुणी गोत्र विचारलं नाही.

गोव्यात हा सगळा गोंधळ आधीच उरकला होता. पोर्तुगीज 1510 मध्ये आले. त्यांना भाताची सवय होईना आणि पाव फुगवायला यीस्ट मिळेना. तेव्हा तिथल्या पदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाची सूर पिठात घातली. माडावरून उतरवलेला रस काही तासांत आपोआप फसफसायला लागतो, कारण हवेतलं, फुलोऱ्याच्या पोयीतलं, मडक्यातलं यीस्ट त्यातल्या साखरेवर तुटून पडतं. तेच फसफसणं पिठात कोंडलं की पाव. उंडो, काकणां, कोंडा लावलेली पोळी, म्हणजे त्यांची पोई, सगळे या सुरेवर वाढले. मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पावात माडी असायची. आमचे वडील बरोबरच होते म्हणायचे."

त्यानंतर माझ्या डब्यातली यीस्टची पुडी चौकशीसाठी मागवण्यात आली. राखाडी-तपकिरी, खसखशीहून जरा मोठे दाणे. "हे काय?"

"यीस्ट. जिवंत असतं ते आई. झोपलेलं."

"किती असतात?"

"चमचाभरात अब्जावधी."

सासूबाईंनी पुडी जरा लांब धरली. श्रावण चालू होता. फसफसणं हे जिवंत यीस्टचं काम, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने 1857 च्या सुमारास सिद्ध केलं, त्याआधी लोकांना वाटायचं की फसफसणं ही नुसती कुजण्याची रासायनिक भानगड आहे, वगैरे मी सांगून पाहिलं. पाश्चरच्या साक्षीने काही फरक पडला नाही. मग त्यांनीच विचारलं, "दह्यात असतं तसलंच का?"

"त्याच्या नात्यातलं नव्हे, पण काम तसंच."

"मग चालेल," त्या म्हणाल्या, आणि पुडी परत मिळाली. कोमट पाण्यात साखर घालून त्यात दाणे टाकायचे, दहा मिनिटांत वर फेस येतो, ही परीक्षा त्यांना फार पटली. पाणी कोमट म्हणजे किती, तर बाळाला अंघोळीला चालेल इतकं. फार गरम झालं, साठ अंशांच्या आसपास, की अब्जावधींचा एका फटक्यात निकाल. हे ऐकल्यापासून पाणी त्या स्वतः बोट घालून तपासतात. श्रावणात हत्या नको.

खरी अडचण पुढे येते, आणि ती पुस्तकामुळे येते. पुस्तक म्हणतं, मळलेला गोळा झाकून एक तास ठेवा, दुप्पट होईल. हा तास थंड देशातला तास आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस अंश असतात. देवरूखात मे महिन्यात परातीवर फडकं घालून मी अंगणातली आमसुलं उलटवायला गेले तर येईपर्यंत पीठ फडक्याला लागलेलं असतं. लवकर फुगलेल्या पावाला चव कमी, म्हणून मे महिन्यात माठातलं गार पाणी घ्यावं लागतं. उलट मार्लेश्वराचं लग्न लागतं त्या संक्रांतीच्या दिवसांत सह्याद्रीवरून गारठा खाली उतरतो आणि सकाळी मळलेला गोळा दुपारी होता तिथेच, होता तसाच, डोळे मिटून बसलेला. तेव्हा त्याला पाण्याच्या बंबाशेजारी नेऊन ठेवतात. ठेवतात म्हणजे सासूबाई. ही जागा आंबोळीच्या पिठाची आहे, वर्षानुवर्षांची, तिथे त्यांनी मैद्याला जरा सरकवून घेतलं.

आणि पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नि पडतो म्हणजे चार महिन्यांतच पडतो. पापड सादळतो, आगपेटी सादळते, माणसाचा स्वभाव सादळतो, तर मैद्याने काय करावं? डब्यातल्या डब्यात तो हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो. मग पुस्तकातल्या मापाने अर्धा किलोला तीनशे मिलिलिटर पाणी घातलं की गोळा होत नाही, खळ होते. जून ते सप्टेंबर मी पाणी हात राखून घालते. हवा मात्र त्या दिवसांत पावाला मानवते. ना फार ऊन, ना गारठा, वर फडकंसुद्धा ओलं करावं लागत नाही, वातावरणच ओलं. पाव करायला देवरूखचा पावसाळा चांगला आणि ठेवायला अगदी वाईट, असा हा पेच आहे, त्याच्याकडे येतेच.

पीठ झालं की नाही हे घड्याळाला कळत नाही, हे मला कळायला वेळ लागला. सासूबाईंना ते आधीपासून माहीत होतं. त्यांनी आयुष्यात आंबोळीचं पीठ घड्याळावर आंबवलेलं नाही. त्या झाकण काढतात, वास घेतात आणि सांगतात. पावाच्या गोळ्यावर त्यांनी पहिल्यांदा बोट दाबलं तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून तेच वाचत होते: खळगा हळूहळू भरून आला तर तयार, झटकन उसळला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर उशीर झाला. "आलंय वर," त्या म्हणाल्या. "आणखी ठेवशील तर चढेल आणि बसेल." मी पान उलटलं. पुढच्या पानावर हेच लिहिलं होतं, चार परिच्छेदांत.

मळण्याचं तर विचारू नका. कोकण हा तांदळाचा मुलूख. गहू यायचा तो आंबा घाटाने खाली, म्हणून तो पाहुण्यासाठी, सणासाठी, पोळीसाठी. तांदळाला चिकटून राहायचा स्वभाव नाही. आंबोळीत बुडबुडे धरून ठेवतो तो उडदाचा चिकटपणा. गव्हाच्या पिठात मात्र पाणी पडलं की दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात, आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकून पाव फुगतो. हे जाळं तयार झालं की नाही हे बघायला गोळ्याचा तुकडा बोटांनी ताणतात. पडद्यातून पलीकडचा उजेड दिसला आणि पडदा फाटला नाही तर झालं. परदेशी पुस्तकात याला चित्रासकट एक अख्खं पान दिलेलं आहे. होळीला पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून तिंब तिंब तिंबायची, तार निघेपर्यंत, हे ज्यांनी केलंय त्यांना या पानाची गरज नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या वहिनींनी माझं मळणं दोन मिनिटं पाहिलं, हात धुतले, मला बाजूला सारलं आणि दहा मिनिटांत पडदा काढून दाखवला. "पुरणाचं हाय ना?" त्यांनी विचारलं. पावाचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढी मेहनत, आणि आत पुरणसुद्धा नाही.

घरच्या कणकेचा पाव मात्र फुगतो कमी. जात्यावरच्या पिठात कोंडा असतो, कोंड्याच्या कडा जाळं कापत जातात. निम्मा मैदा, निम्मी कणीक हा माझा तह. पौष्टिकतेवाले त्याला नावं ठेवतात, आणि चवीवालेही ठेवतात, म्हणजे तह बरोबर असणार.

आता भट्टीची गोष्ट. माझ्याकडे साधा विजेचा ओव्हन आहे, वर एक सळई, खाली एक सळई. जुलैतल्या एका दुपारी दोनशेवीस अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये मी पाव सरकवला. दहाएक मिनिटांत तो सुरेख उचलला. भट्टीत शिरल्याबरोबर शेवटचा जोर काढून यीस्ट उसळी मारतं आणि मग मरतं, तो क्षण. आणि वीज गेली. पावसाळ्यात वीज गेली की 'कधी येईल' असं आम्ही विचारत नाही, तो उद्धटपणा ठरतो. ओव्हनच्या काचेआड अंधारात अर्धा भाजलेला पाव. मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "जनरेटर नाहीये?"

सासूबाई झोपाळ्यावरून उठल्या. "धोंडस आम्ही कशात करायचो?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तवसं, म्हणजे पावसाळ्यातली ती हातभर लांब पिवळी काकडी, किसायची. तिच्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालून शिजवायचं आणि जाड बुडाच्या टोपात ओतून तो चुलीवर ठेवायचा, झाकणावर निखारे रचायचे. वर विस्तव, खाली विस्तव. विजेची सळई यायच्या कितीतरी आधी कोकणातल्या बायका असं भाजत होत्या. माळ्यावरून पितळेचा टोप आला. त्यात वाळू, वाळूवर पावाचा डबा. खाली गॅसची शेगडी, कारण चूल पेटवायला लाकडं सुकी हवीत आणि जुलैत सुकं काय मिळतं ते सांगा. करवंट्या मात्र सुक्या होत्या. करवंट्यांची बेगमी आगोटीलाच करून ठेवलेली असते. त्या पेटवून, लाल झाल्यावर झाकणावर. सासूबाई पाटावर बसून चिमट्याने निखारे इकडचे तिकडे करत होत्या, आणि मला आत डोकवायची बंदी होती. "झाकण उघडलंस की ऊब जाते." हेही पुस्तकात आहे.

वास पाखाडीपर्यंत गेला असावा. काकू छत्री मिटत आत आल्या. "धोंडस का गो?" पाव आहे म्हटल्यावर त्या बसल्या खऱ्या, पण जरा दुखावलेल्याच.

पाव निघाला. वरून एका बाजूला काळपट, दुसरीकडे सोनेरी, बुडाशी फिकट, आणि करवंटीच्या धुराचा एक वास असा की तो ओव्हनला कधीही जमणार नाही. बुडावर टिचकी मारली तर पोकळ आवाज आला, म्हणजे आतून झालेला. वीज रात्री आली, तोवर आमच्यात ती गेल्याची आठवण कुणाला नव्हती.

पण पावाची सगळ्यांत अवघड पायरी मळणं नव्हे, फुगवणं नव्हे, भाजणंही नव्हे. पाव गार होऊ देणं ही ती पायरी. भट्टीतून काढल्यावर तासभर तरी तो कापायचा नाही. आतला पिष्ट अजून बसत असतो, वाफ कडेला येत असते. गरम कापला की सुरीला चिकट लगदा लागतो आणि उरलेला पाव कोरडा पडतो. हे सगळं मी घरात शास्त्रासकट समजावलेलं आहे. पण कोणत्या घरात? ज्या घरात बायको उभी राहून तव्यावरची पोळी थेट ताटात वाढते आणि पानावर बसलेला माणूस 'गार झाली' म्हणून हळहळतो, त्या घरात. आपल्याकडे गरम हा पदार्थाचा गुण नाही, वाढणाऱ्याच्या प्रेमाचा पुरावा आहे. आणि मी जाळीवर पाव ठेवून पहारा करतेय, कुणी हात लावू नका, अजून गरम आहे! आमच्या घरातला हा पहिलाच पदार्थ, जो गार झाल्यावरच वाढला जातो. आमचे हे दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन पाणी पितात. इतकी तहान त्यांना एरवी लागत नाही. बहुतेक वेळा तास पुरा होत नाही. कडेचा तुकडा, त्याला इथे आम्ही 'टोक' म्हणतो, लोण्यासकट नाहीसा होतो आणि शास्त्र तेवढ्यापुरतं बाजूला राहतं.

खायचा कशाशी हाही वाद आहे. जाम, चीज वगैरे भाचीकडे. आमच्याकडे काळ्या वाटाण्याच्या आमटीशी तो जो जातो त्याला तोड नाही. कुळथाच्या पिठीशीही जातो, पिठी जरा पातळ ठेवावी. पहिल्या फणसाच्या कुयरीच्या भाजीशी मी एकदा दिला तेव्हा सासूबाईंनी "बरं लागतंय" अशी नोंद केली. त्यांच्या शब्दकोशात याच्या वर फक्त 'चांगलं' आहे, आणि ते त्यांनी 1990 नंतर वापरल्याचं ऐकिवात नाही. मिसळीशी मात्र घरचा पाव चालत नाही, हे मी मान्य करते. मिसळीला लादीपावच हवा. मऊ, पोकळ, स्वतःचं काही मत नसलेला, रस्सा म्हणेल तिकडे जाणारा.

पाववाल्याला मी एकदा माझ्या पावाचा तुकडा दिला. जरा भीतभीतच, ज्याच्या घरात धंदा पिढीजात चालत आला त्याच्या हातात आपला पाव द्यायचा. त्याने आधी तो उलटा करून बूड पाहिलं, मग नाकाशी नेला, मग खाल्ला.

"मीठ एक कणी वाढवा वहिनी," तो म्हणाला. "मिठाने पीठ आवरतं, नायतर धावतं."

हे अगदी खरं आहे. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि जाळं घट्ट करतं; पिठाच्या दोन टक्के हे प्रमाण. मी कमी घालत होते. मग त्याने सांगितलं की त्यांच्याकडे पीठ रात्रीच मळायला टाकतात, पहाटे अडीचला भट्टीपाशी उभं राहावं लागतं, आणि हल्ली पोरं त्यासाठी उठायला तयार नाहीत. त्याचा थोरला मुंबईला कुरिअरच्या कंपनीत आहे. "तुम्ही हौसेने करता ते बरं आहे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो मला लागला. उद्या किती लाद्या, त्याने विचारलं. दोन, मी म्हटलं. रविवार होता उद्या, मिसळ होती.

आता तो पेच. घरचा पाव दुसऱ्या दिवशी उत्तम असतो. तिसऱ्या दिवशी, पावसाळ्यात, त्याच्यावर हिरवी-राखाडी लव येते, आमच्याकडे चामड्याच्या चपलेवर आणि देवघरातल्या पोथीवर येते तीच. बुरशी टाळायला फ्रिजमध्ये ठेवावा तर तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो, कारण पिष्ट पुन्हा घट्ट बसायला त्याला फ्रिजमधलाच गारवा सर्वांत आवडतो. बाहेर ठेवला तर बुरशी, आत ठेवला तर दगड. यावर युरोपात शतकानुशतकं डोकं खपवून सूप, पुडिंग, टोस्ट असे नाना उपाय काढले गेले. आपल्याकडे शिळ्या अन्नाच्या सर्व प्रश्नांवर एकच उपाय आहे आणि तो मोहरी तडतडण्यापासून सुरू होतो.

फोडणीचा पाव परवा केला. मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, हिरवी मिरची, भरपूर कांदा, पाव हाताने कुस्करून पाण्याचा हबका मारलेला, एक वाफ, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. कणकेचा असल्यामुळे त्याचा गिचका झाला नाही, कण न् कण वेगळा राहिला, कडेचे कडक तुकडे तेलात कुरकुरीत झाले. ह्यांनी दोनदा घेतला. काकू काहीतरी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी उभ्याउभ्या खाल्ला आणि मग बसून खाल्ला. सासूबाईंनी वाटी पुढे केली, आणखी थोडा मागून घेतला, आणि चमचा खाली ठेवत म्हणाल्या, "चांगला झालाय."

मी जागच्या जागी थांबले. परातीतला मैदा, पाश्चर, निखारे, तासभराचा पहारा, सगळं भरून पावलं म्हणायचं.

"अगो," त्या पुढे म्हणाल्या, "पुढच्या खेपेला थेट शिळाच कर."